अन्नदान आणि लोकलज्जा

वारीचे गोडवे गातांना चालणाऱ्याचें पुण्य मोजण्याची आपल्याकडे चाल आहे. ज्यांच्या दारावरून वारी जाते त्यांचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. श्रीनिवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून राहुरी, नगर, मिरजगांव अशी करमाळ्याकडे उतरते. ज्या नगर जिल्ह्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें, तो ती उत्तरेकडून दक्षिणेकडे पायीं ओलांडते. वाटेवर बहुतेक लहान गांवें. नगर सोडल्यावर तीं कोरडवाहू शेतीवर जगणारीं.

पालखी या बाजूस येते ती ज्येष्ठाच्या वद्य पक्षांत. शेतकऱ्याच्या घरीं याहून ओढगस्तीचा काळ नाहीं. फाल्गुनांत निघालेली शाळू ज्वारी कणगीच्या तळाशीं गेलेली असते. पाऊस झाला असेल तर पैसा बियाण्यांत अडकतो. झाला नसेल तर विहीर आटलेली आणि पाण्यासाठीं टँकरची वाट. नेमके अशा वेळीं पाहुणे येतात, आणि तेहि दिंडीच्या दिंडीनें. तेव्हां येथें दिलें जातें तें घरांत उरलेलें अन्न नव्हे. घरच्या माणसांच्या वांट्यांतलें आहे.

यावर एक आक्षेप घेतां येईल. शेजाऱ्यानें दोन पायली पीठ दिलें म्हणून आपण तीन द्यावयाचें, न द्यावें तर पारावर बसण्याची चोरी. असें लोकलज्जेनें झालेलें दान तें दान कसें? गीतेच्या सतराव्या अध्यायांत फळाच्या आशेनें व मन कष्टी करून दिलेल्या दानास राजस म्हटलें आहे. (त्या अध्यायावरील ज्ञानेश्वरांची टीका याच जिल्ह्यांत, नेवाशास, १२९० मध्यें पुरी झाली, आणि ऐकणारे गुरु हेच निवृत्तिनाथ होते.) आम्हांस हा आक्षेप वाटतो तितका भारी वाटत नाहीं. करुणा येते नि जाते. टंचाईच्या महिन्यांत तर आधीं तीच जाते. तेव्हां हात मागें घेऊं न देणारी लज्जा हा गांवानें स्वतःस घालून घेतलेला नियम आहे. २०२० व २०२१ सालीं महामारीमुळें पायीं वारी झाली नाहीं, पादुका वाहनानें पंढरपुरास गेल्या आणि वाटेवरचें पीठ घरांतच राहिलें. त्या दोन वर्षीं ज्यास सुटल्यासारखें वाटलें असेल, त्याचें दान निव्वळ लज्जेचें होतें. ज्यास घर ओकें वाटलें त्याचें तसें म्हणतां येणार नाहीं.

खरी अडचण निराळीच आहे. नियम गांवानें घातला म्हणतांना गांव म्हणजे कोण? पंगतीचा संकल्प सोडतो घरधनी; पहांटेपासून तव्यापुढें बसून शंभर भाकरी थापते सून. पीठ कणगींतलें असलें तरी श्रम तिचे आहेत, आणि ते द्यावे कीं नाहीं हें तिला विचारण्याची पद्धत नाहीं. पुष्कळदां पालखी वेशीवरून पुढें जाते तेव्हां ती खरकटीं भांडीं घांशीत असते. स्वतःचें देणें तें दान, दुसऱ्याचे श्रम परस्पर देऊन टाकणें त्यास काय म्हणावें? २०२४ मध्यें दिंड्यांस प्रत्येकी २०,००० रुपये देण्याचें सरकारनें ठरविलें, त्याची चर्चा बरीच झाली. या दुसऱ्या प्रश्नाची चर्चा व्हावी असें आम्हांस वाटतें. आणि ती पारावर नव्हे, चुलीपाशीं, तिच्या देखत व्हावी.