मुसळ कुणाच्या हातात?

सोलापूरकडचा माणूस परगावी निघाला की पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायचीच. आमच्या घरच्या चटणीची पाहुणे तारीफ करायचे. मग मी छाती काढून सांगायचो, "आमच्यात अजून उखळात कुटतात. मिक्सरला आम्ही शिवत न्हाई."

ते खोटं नव्हतं. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, चोळून सुपात पाखडायचे, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून उखळात कुटायचे. घाव बसतील तसं दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी धरून येते. मिक्सरचं पातं दाणा चिरतं. थोडं फिरवलं तर कोरडा कूट, जास्त फिरवलं तर भांडं तापून चिकट लगदा. हा फरक मी आजही मानतो.

पण माझ्या बोलण्यात एक खोट होती. 'आम्ही कुटतो' म्हणायचो, कुटायची मात्र आमची कारभारीण. चाळीस वर्षं.

मग तिचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, वेणी घालता येईना. डॉक्टरांनी मुसळ बंद करायला सांगितलं. सूनबाईनं मिक्सरवर चटणी केली. मी ताट सरकवलं. म्हटलं, "ही चटणी न्हाई, भुगा हाय."

कारभारीण शांतपणे म्हणाली, "अवो, चव तुमची आन् खांदा माझा, असं किती दिस चालायचं?"

रागाच्या भरात मीच मुसळ उचललं. नांगर धरलेला हात माझा, वाटलं, त्यात काय एवढं! अर्धा किलो दाणे कुटेस्तोवर तळहाताला फोड आला, रात्री कूस बदलता येईना.

त्या रात्री आठवलं. मी लहान असताना जात्याच्या जागी गिरणी आली, तेव्हा जुनी माणसं म्हणायची, पिठाची चव गेली. दळणाऱ्या बायांनी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. विहिरीवर मोट जाऊन विजेची मोटार आली, त्याला आम्ही बाप्यांनी सुधारणा म्हटलं. मग बाईच्या हातातलं मुसळच तेवढं परंपरा म्हणून जपायचं, हा कुठला न्याय? हातानं केलेलं दाण्याला मानवतं, हे खरं. करणाऱ्या हाताला ते मानवतंय का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आता सूनबाई बचत गटातून चटणी विकते. दहा-दहा किलोची मागणी येते. मिरची कुटतात तसलं विजेवरचं कांडप त्यांनी घेतलंय. ते चिरत नाही, कुटतं, त्यामुळं तेलही बऱ्यापैकी सुटतं. एक दुकानदार म्हणाला, पाकिटावर 'उखळात कुटलेली' छापा, भाव वाढवून देतो. खरं सांगतो, मला मोह झाला. सूनबाई म्हणाली, "मामा, ज्या कष्टातनं सुटलो, त्याच कष्टाच्या नावानं खोटे पैसे घ्यायचे व्हय?" पाकिटावर आजही नुसतं 'शेंगाचटणी' एवढंच आहे.

घरापुरती अर्धा किलो मी उखळात कुटतो. अंगात बळ नसलं की मिक्सरची खातो आणि गप्प बसतो. उखळाची चव ज्याला पाहिजे, त्यानं मुसळ धरावं, एवढं मला कळलंय.

कारभारीण उंबऱ्यावर बसून चव बघते आणि म्हणते, "अजून धा-वीस घाव पाहिजेत."

मी घालतो.