दार कुणी काढायचं?

आमच्या नगरच्या घरात तीन लिनक्स संगणक आहेत. हॉलमधल्या जुन्या पीसीवर सगळ्यांच्या फायली एकत्र ठेवायच्या म्हणून मी एनएफएस निवडलं. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये आणलेली ही पद्धत. सोपी, वेगवान, पासवर्डही विचारत नाही.

आठवड्यानं माझ्या लॅपटॉपवर ताईचं फोल्डर उघडलं. तिनं ते फक्त स्वतःपुरतं ठेवलं होतं. पण एनएफएस साध्या मांडणीत माणूस ओळखत नाही, वापरकर्त्याचा क्रमांक बघतं. आणि समोरचा संगणक सांगेल तो क्रमांक खरा मानतं. उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १०००. तिचाही, माझाही.

मी कुलूप तोडलं नव्हतं. मग अपराधी का वाटलं?

आमच्याच जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर बिनदारांच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. चोराला शनिदेव बघून घेतील, ही तिथली श्रद्धा. पण दार न लावणारा माणूस स्वतःच्या घराला दार लावत नाही. मी ताईच्या खोलीचं दार काढलं होतं, तिला न विचारता, आणि त्याला विश्वास म्हणत होतो. ज्याचं काही जाणार आहे, विश्वास त्यानंच टाकायचा असतो.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "वाचलंस?"

"नाही. फायलींची नावं दिसली."

ती काही बोलली नाही.

एनएफएसला कर्बेरॉसची जोड देता येते, पण तीन संगणकांसाठी तो पसारा मोठा. आता सांबा लावलंय. ज्याचा त्याचा पासवर्ड. ताईचा मला माहीत नाही.