नंबर येईपर्यंत

बसा. डोंबिवलीहून आला असाल किंवा कल्याणहून, ठाणे स्टेशनचा पूल चढून-उतरून आला असाल, तर आधी धाप खाली बसू द्या. फाईल मांडीवर ठेवा. मोबाईल शर्टच्या खिशातून काढून पॅन्टच्या खिशात टाका. तो छातीतल्या पेसमेकरपासून वीतभर लांब असलेला बरा. नंबर लागायला वेळ आहे. पेसमेकर तपासणीच्या ओपीडीत वेळ असतोच.

डोळे मिटा, किंवा समोरच्या भिंतीवर नजर ठेवा. श्वास मोजू नका, येऊ-जाऊ द्या.

आता बोटं हलकेच कॉलरबोनखाली न्या. बहुतेकांची ती जागा डावीकडे असते; लोकलमध्ये सॅक पुढे घेऊन उभं राहिलं की पट्टा काचतो, तिथेच. कातडीखाली पेसमेकरच्या डबीची गोलसर कडा लागेल. वजन पंचवीस-तीस ग्रॅमच्या आसपास. हात लावा, पण चाळा नको. डबी फिरवत राहण्याची सवय लागली तर आतली वायर ओढली जाऊन जागेवरून निसटते.

त्या वायरीबरोबर मनाने खाली उतरा. ती शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला जाते. कुणाला एक, कुणाला दोन. टोक स्नायूत रुतलेलं. पेसमेकर बराचसा वेळ ऐकत असतो. तुमचा स्वतःचा ठोका आला, की तो गप्प राहतो. ठरलेल्या वेळात आला नाही, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकणारा एक बारीकसा विजेचा झटका देतो, आणि पुन्हा ऐकू लागतो.

इथे थोडं थांबा. दिवसाला साधारण एक लाख ठोके. त्यातले तुमचे किती आणि त्याचे किती, हे बसल्या जागी ओळखता येतं का बघा. नाही येणार. आतल्या खोलीत मिळणाऱ्या कागदावर मात्र त्याची टक्केवारी छापलेली असते.

तोवर पहिल्या पेसमेकरची गोष्ट. 8 ऑक्टोबर 1958. स्टॉकहोम. आर्ने लार्सन नावाच्या माणसाच्या बायकोने डॉक्टर ओके सेनिंग आणि इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट यांच्या मागे लागून नवऱ्याला शरीराच्या आत राहणारा जगातला पहिला पेसमेकर बसवून घेतला. तो काही तासांत बंद पडला. लगेच दुसरा बसवला. लार्सन 2001 साली, 86 व्या वर्षी गेले, तोवर त्यांचे एकूण 26 पेसमेकर झाले होते. आजची बॅटरी साधारण आठ-दहा वर्षं जाते.

नंबर आला, की छातीवर एक वायरवाली चपटी चकती ठेवतील. प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, एकाचं दुसऱ्याला वाचता येत नाही. म्हणून पेसमेकरचं कार्ड बरोबर हवं. बॅटरी बघतील, वायर बघतील. मग सांगतील, ‘आता जरा वेगळं वाटेल.’ ठोके थोडे जलद करून विजेचा जोर टप्प्याटप्प्याने कमी करत नेतील, ठोका चुकेपर्यंत. छातीत क्षणभर पोकळी वाटेल, कुणाला किंचित गरगरेल. घाबरू नका, जोर लगेच वाढवतात. पण त्या क्षणाकडे लक्ष असू द्या. एरवी न जाणवणारा सोबती तेवढ्यापुरता कळतो. कमीत कमी किती जोर पुरतो ते यातून समजतं, आणि त्यावर पुरेसा राखीव जोर ठेवला, की बॅटरीही जास्त टिकते.

‘बरं वाटतंय, मग तपासणीला कशाला जायचं?’ असं घराघरात ऐकू येतं. मला हा प्रश्न पटत नाही. बॅटरी दुखत नाही, वायरीला ताप येत नाही. बॅटरी संपत आल्याचं मशीनला काही महिने आधी दिसतं. तुम्हाला कळतं तेव्हा चक्कर आलेली असते. बसवल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकदा, मग सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, आणि बॅटरी उतरत आली की लवकर लवकर. एवढंच तर आहे.

अजून नंबर आला नसेल, तर एक जड विचारही शांतपणे करून घ्या. दहनाआधी पेसमेकर काढून घ्यावा लागतो. आतली लिथियमची बॅटरी आगीत फुटू शकते. त्या घाईत घरच्यांना हे आठवत नाही. म्हणून आज घरी गेल्यावर कार्ड कुठे ठेवता ते त्यांना दाखवा, हेही एकदा सांगून टाका, आणि पुढची तारीख कालनिर्णयवर लिहा.