हेतू कुठं सापडतो?

हल्ली शिकलीसवरलेली पोरं म्हणतात, "जरा परदेशात जाऊन येतो, म्हणजे जगायचं कशासाठी ते कळेल." त्यांना हसू नये. कोकणातनं आखातात माणसं गेलीच की. पण ती घर चालवायला. कशासाठी जायचं, हे त्यांना निघतानाच ठाऊक होतं.

मला आठवतात ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. परीक्षेसाठी हा मुलगा घाट चढून साताऱ्याला पायी गेला, तर लहान दिसतो म्हणून बसू दिलं नाही. पुढं १८९३ साली विधवेशी लग्न केलं, तर गावानं वाळीत टाकलं. तरी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ. आणि परदेश? तो १९२९ साली, सत्तरीत! युरोप, अमेरिका, जपान फिरले ते विद्यापीठाचं काम सांगत, त्यासाठी पैसे जमवत.

हेतू त्यांना बोटीवर सापडला नव्हता. तो घरूनच बरोबर नेला होता.

म्हणून प्रवास फुकट, असं मी म्हणत नाही. सड्यावर चढल्याशिवाय खालची वाडी सगळी दिसत नाही. पण कलम बांधताना बघा, खुंट रायवळचा असला तरी फळ वरच्या काडीचंच धरतं. माती बदलून जात बदलत नाही.

तेव्हा पोरांनो, जा खुशाल. फक्त निघण्याआधी एवढं विचारा, आपल्या गावातलं असं काय आहे, जे आपल्याला बघवत नाही? तेवढं बरोबर न्या.