आपद्धर्माची मर्यादा

दुष्काळ, पूर, रोगराई किंवा परचक्र यांमुळे नेहमीचे आचारनियम पाळणे अशक्य झाले, तर त्यांपैकी कोणते सोडावेत आणि कुठवर सोडावेत, याचा विचार धर्मशास्त्राने ‘आपद्धर्म’ या नावाखाली केला असून महाभारताच्या शांतिपर्वात राजधर्म आणि मोक्षधर्म यांच्यामध्ये त्यासाठी स्वतंत्र उपपर्वच आहे. पावसाचे बिघडलेले मान आणि बदलता समाज यांच्याशी जुळवून घेण्याची चर्चा आज मुख्यतः तंत्रज्ञान व अर्थकारण यांच्या अंगाने होते. परंतु जुळवून घेताना माणसाने काय सोडावे, आणि त्या सोडण्याचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न मुळात धर्माचा, म्हणजे कर्तव्याच्या विवेकाचा आहे.

या विवेकाचे सर्वांत नेमके चित्र छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाच्या कथेत सापडते. कुरुदेशातील पिके नष्ट झाल्यावर हा विद्वान आटिकी नावाच्या आपल्या पत्नीसह दुसऱ्या गावी आश्रयाला राहतो आणि तिथे निकृष्ट कडधान्य खात बसलेल्या एका माणसाकडे भिक्षा मागतो. दुसरे काहीच नसल्याने तो माणूस आपले उष्टे अन्न देतो आणि उषस्ती ते स्वीकारतो; मात्र त्यासोबत देऊ केलेले उष्टे पाणी तो नाकारतो. धान्यही उष्टेच होते ना, असे विचारल्यावर तो सांगतो, की ते खाल्ले नसते तर प्राण राहिले नसते, पाणी मात्र हवे तिथे मिळू शकते. अन्न आणि पाणी यांच्यामधल्या या रेषेतच आपद्धर्माचे सारे मर्म आले. सवलत गरजेपुरती घ्यायची, गरज संपते तिथे ती थांबते, आणि ती कुठे संपते हे आपत्तीत सापडलेल्यानेच प्रामाणिकपणे ठरवायचे असते. आपत्ती नसताना जो आपद्धर्म आचरतो त्याला परलोकी त्याचे फळ मिळत नाही, असे मनुस्मृतीही बजावते.

वारकरी परंपरेने अलीकडे हीच मर्यादा पाळून दाखवली. २०२० आणि २०२१ या महासाथीच्या वर्षांत पायी वारी थांबली, संतांच्या पादुका एसटी बसने मोजक्या वारकऱ्यांसह पंढरपूरला गेल्या, आणि २०२२ मध्ये पायी वाटचाल पुन्हा सुरू झाली.

अडचण येते ती आपत्ती ओसरतच नाही तेव्हा. बीड जिल्ह्यातील कोरडवाहू गावांतून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात. मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतली जाते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, बिऱ्हाड उसाच्या फडाशेजारच्या कोपीत पडते आणि कामाचा एखादा दिवस बुडाला तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. मासिक पाळी किंवा आजारपण यांमुळे खाडा पडू नये यासाठी अनेक स्त्रियांनी गर्भाशय काढून टाकल्याचे उघड झाले, आणि २०१९ मध्ये राज्य शासनाला त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. या स्त्रियांनी परिस्थितीशी जुळवून घेतले, असे म्हणणे शब्दशः खरे असले तरी नैतिकदृष्ट्या ते असह्य आहे, कारण प्राण वाचवण्यासाठी जे तात्पुरते सोडायचे ते इथे शरीरातूनच कायमचे काढून टाकले गेले. मूळ कथेतही स्त्रीची बाजू अशीच निसटते: उषस्तीने उरलेले धान्य पत्नीला नेऊन दिले, तिने ते जपून ठेवले आणि दुसऱ्या सकाळी तेच खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला, असे उपनिषद सांगते. आटिकीच्या आपद्धर्माचा विचार मात्र त्यात येत नाही.

ही उणीव एका कथेपुरती नाही. शांतिपर्वात बारा वर्षांच्या अवर्षणाने व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याचे मांस चोरायला शिरतो, तेव्हा दोघांमध्ये धर्माधर्माचा विलक्षण वाद रंगतो. पण सारी चिंता ऋषीच्या शुद्धीची असते, आणि त्या झोपडीत वर्षानुवर्षे तेच अन्न का होते, हे कोणी विचारत नाही. ज्यांना नियमाने सुस्थिती दिली होती त्यांच्यासाठी आपद्धर्म ही सवलत होती. ज्यांच्यासाठी नियम हीच आपत्ती होती, त्यांना सवलतीचा उपयोग नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांनी संकटकाळापुरती मुभा मागितली नाही, नियमच रद्द ठरवला.

त्याच शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात, की काळ राजाला घडवतो की राजा काळाला, याविषयी शंका बाळगू नये, राजाच काळाला कारण होतो. या वचनाच्या प्रकाशात आपद्धर्म राजधर्मापासून तोडता येत नाही. महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवले आहे: १९७२ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, आणि रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला, म्हणजे ज्यांच्या विहिरी आटल्या नव्हत्या त्यांनीही भार उचलला. आपत्तीतील मदत तिथे हक्क झाली. फडावरच्या कोयत्याला असा हक्क मिळत नाही तोवर त्या स्त्रियांच्या सोसण्याला चिवटपणा म्हणून गौरवणे हा अधर्म आहे.