विवेकाला लागणारा वेळ

ईश्वरी प्रज्ञा, म्हणजे स्वतःच्या सोयीपलीकडे जाऊन सर्वांचे हित ओळखणारी बुद्धी, मागताक्षणी हाती येत नाही, असे संतपरंपरा सांगत आल्या आहेत. मात्र तिला वेळ का लागतो याचे कारण त्या बहुधा साधकाच्या चित्तशुद्धीत शोधतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यबहुल जिल्ह्यांतील गेल्या शंभर वर्षांचा अनुभव या कारणात दुसऱ्या एका कारणाची भर घालतो. निर्णयाचे परिणाम ज्यांना भोगावे लागणार, त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यातही वेळ जातो आणि तो वाचवला तर हाती येणारे उत्तर कितीही अचूक असले तरी त्याला प्रज्ञा म्हणता येत नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी चिमूर परिसरातील रामदिघी आणि गोंदोडा येथील जंगलात एकान्तसाधना केली, हे सर्वज्ञात आहे. त्यांचे वेगळेपण मात्र तो एकान्त सोडून ते कोठे गेले यात आहे. त्यांनी खंजिरीवरील भजने गावोगाव नेली, १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला, आणि १९४२ च्या चिमूर उठावामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा आहे असे मानून इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. पुढे ‘ग्रामगीता’ या ४१ अध्यायांच्या ग्रंथात त्यांनी ईश्वरचिंतनाच्या बरोबरीने ग्रामसफाई, आरोग्य, शिक्षण आणि गावातील भांडणे यांचा विचार केला. सकाळचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना ही त्यांनी घालून दिलेली शिस्त याच दृष्टीने पाहिली पाहिजे: जंगलातील एकान्तात जे एकट्याला साधले, ते गावातल्या सर्वांनी रोज ठरलेल्या वेळी एकत्र बसून साधावे, अशी ती योजना होती. ज्यांना ही प्रार्थना केवळ भक्तीचा उपचार वाटते, त्यांच्या नजरेतून तिचा अर्धा अर्थ निसटतो.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव, सर्वांनी मिळून विवेक कसा साधावा, याच प्रश्नाला ईश्वराचे नाव न घेता भिडले. गावचे नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे ज्या प्रयोगाशी जोडली गेली आहेत, त्यात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. या पद्धतीचा कणा मात्र अभ्यासगटात आहे. अभ्यासगट म्हणजे असा मेळावा, जेथे गावकरी एखादा विषय, मग तो कायदा असो वा मध गोळा करण्याची रीत, बाहेरच्या जाणकारांसह समजून घेतात, पण निर्णय मुळीच करत नाहीत. निर्णयाचे ओझे नसल्यामुळे तेथे अज्ञान उघड करण्याची लाज राहत नाही आणि जिंकण्याची ईर्ष्याही पेट घेत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मिळालेला सामूहिक हक्क आणि २०११ साली ग्रामसभेच्या हाती आलेला बांबू-वाहतुकीच्या परवान्यांचा अधिकार, ही अशा संथ अभ्यासाची फळे आहेत. सरकारी दरबारातील दिरंगाई त्यात मिसळली होती, पण ती वेगळी गोष्ट.

तरीही समूह म्हणजे विवेक असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून काही स्त्री-पुरुषांना भर गावात बांधून मारहाण झाली. तेथेही गाव जमले होते, बहुतेकांचे एकमतही होते, आणि राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून अस्तित्वात होता. दैवी संकेताच्या नावाने क्षणात लागलेला तो निकाल आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोणत्याही यंत्राच्या उत्तरापेक्षा कमी तात्काळ नव्हता. मेंढ्याच्या सहमतीत आणि या एकमतात फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की एकीकडे विरोध करणाऱ्यासाठी सभा थांबते आणि दुसरीकडे आरोप असलेल्याला तोंड उघडण्याचीही सोय नसते.

विलंबाला स्वतःचे असे पावित्र्यही नाही. न्यूमोनिया झालेल्या बालकाच्या बाबतीत उशीर म्हणजे मृत्यू. म्हणून गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेने निरक्षर दाईलाही वापरता येईल असे, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचे साधे श्वासमापक तयार केले. हे तंत्रज्ञानच आहे आणि ते निर्णय लवकर करवते. पण त्यासाठी दाईला पूर्ण एक मिनिट त्या बाळाच्या छातीकडेच पाहावे लागते. याउलट, मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्ता नेमके हे लक्ष अनावश्यक करून टाकते. शेताच्या बांधावरून झालेले भांडण, मुलीचे शिक्षण किंवा मरणपंथाला लागलेल्या वडिलांचे उपचार यांविषयी तिला विचारणारा माणूस एकटा विचारतो, सल्ला देणाऱ्या यंत्राला त्या गावात उद्या राहायचे नसते, आणि उत्तर इतके नीटनेटके येते की शेजाऱ्याला विचारण्याची गरजच उरत नाही.

याचा अर्थ यंत्राला गावाबाहेर ठेवावे असा नाही. कायद्याचे कलम मराठीत किंवा गोंडीत समजावून घेण्यासाठी अभ्यासगटात त्याला जागा द्यायला हरकत नाही, कारण तेथे निर्णय होत नसतो आणि चुकीची माहिती तपासायला माणसे समोर बसलेली असतात. खरी अडचण ग्रामसभेत उभी राहते. शिक्षणासाठी आणि कामासाठी नागपूर-पुण्याकडे गेलेल्या तरुणांची संमती मोबाइलवरून घेतली तर सभा मोठी होईल. पण न पटलेला माणूस सभेत गप्प बसला तर त्याचे गप्प बसणे सर्वांना दिसते, मोबाइलच्या गटात मात्र नाराजी आणि गैरहजेरी सारखीच दिसते. सर्वसहमतीवर चालणाऱ्या गावाला या दोहोंत फरक कसा करायचा, याचा नियम स्वतःच बसवावा लागेल, आणि तोही घाईने बसवता येणार नाही.