जुने घड्याळ : मालकी की अमानत?

खिशातला मोबाइल अचूक वेळ सांगत असताना माणसे मुंबईच्या चोरबाजारात जुनी मनगटी घड्याळे का शोधत फिरतात?

‘एचएमटी’चेच पाहा. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला हा सरकारी घड्याळ कारखाना उभा राहिला. त्याचे चावीचे ‘जनता’ कुणी पहिल्या पगारातून घेतले, कुणाला लग्नात मिळाले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि कपाटात पडून असलेल्या त्या घड्याळांची चौकशी होऊ लागली.

हा केवळ दुर्मिळतेचा मोह आहे, असे आम्हाला वाटत नाही. बॅटरीच्या घड्याळाकडे वर्षभर पाहिले नाही तरी चालते. चावीच्या घड्याळाला रोज हात लावावा लागतो. विसरलात की ते थांबते. आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, ही भावना माणसाला हवी असते.

पण बाजारात जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी चढवून ते ‘अस्सल’ म्हणून विकतात. झिजलेला भाग बदलणे गैर नाही. बदल लपवणे गैर आहे. आणि विकत घेतलेले घड्याळ ‘आमच्या आजोबांचे’ म्हणून मिरवणारा तरी वेगळे काय करतो?

पैसे मोजून घड्याळ मिळते, पहिल्या मालकाचे दिवस मिळत नाहीत. ते आपल्याकडे अमानत असतात. रोज चावी द्यावी, वेळेवर तेलपाणी करावे, आणि पुढच्या हाती देताना खरे सांगावे. एवढे केले नाही तर ती खयानत ठरते.